बाटलीवरचं एक अक्षर

"मॅडम, आज पण एकही फुटला नाही."

चौथा दिवस होता. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी माझी विद्यार्थिनी बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे स्पोअर, म्हणजे त्याच्या गाढ झोपलेल्या टणक पेशी, जागे करत होती. पद्धत रीतसर पाळलेली: ७० अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास, मग बर्फात, मग बफरमध्ये त्यांना जागं करणारं अमिनो आम्ल, अ‍ॅलॅनिन आणि ३७ अंश. मीच मायक्रोस्कोपला डोळा लावला. फेज कॉन्ट्रास्टखाली झोपलेला स्पोअर लखलखीत दिसतो. त्याच्या गाभ्यात पाणी अगदी थोडं, आणि कॅल्शियमबरोबर डायपिकोलिनिक आम्ल ठासून भरलेलं. जाग आली की ते आम्ल बाहेर पडतं, पाणी आत शिरतं, आणि स्पोअर काळवंडतो. इथे सगळे राजगिऱ्याच्या लाह्यांसारखे पांढरेशुभ्र.

"मेले असतील का?" तिने हळूच विचारलं. मेलेले नव्हते. त्याच ट्यूबमधून न्यूट्रियंट अगारवर, म्हणजे जिवाणूंच्या खाद्यावर, टाकलेल्यांच्या कॉलनीज प्लेटभर आल्या होत्या. मग राहिलं अ‍ॅलॅनिन. कपाटातून बाटली काढली, लेबल वाचलं: 'डीएल-अ‍ॅलॅनिन'. आम्हाला हवं होतं नुसतं 'एल'. ऑर्डरवर सही माझी होती. त्या मुलीचे चार दिवस माझ्यामुळे गेले, हे मला फार लागलं.

एल आणि डी, दोन्हींत अणू तेच, पण आपल्या दोन तळव्यांसारखे एकमेकांचं प्रतिबिंब. स्पोअरच्या आतल्या पटलात 'गर-ए' नावाचा रिसेप्टर, म्हणजे अन्न ओळखणारं प्रथिन, असतो. एल-अ‍ॅलॅनिन त्यात नेमकं बसतं. डी त्याच जागेसाठी भांडतं, जागा अडवतं, पण दार उघडत नाही. आमच्या बाटलीत दोन्ही निम्मे निम्मे.

मला याचं नवल आजही वाटतं. स्पोअरला ते अ‍ॅलॅनिन पचवावं लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो. हा रिसेप्टर म्हणजे अन्न लागताच उघडणारी आयनांची वाटच आहे, हे संशोधकांनी २०२३ साली दाखवलं. चयापचय जवळजवळ थांबलेला हा जीव, आणि त्याला डावं-उजवं कळतं!

स्पोअर सेंट्रिफ्यूज करून दोनदा धुतले. शेजारच्या बायोकेमिस्ट्रीतून एल-अ‍ॅलॅनिन मागून आणलं. जेवणाचे डबे तसेच राहिले.

काही मिनिटं काहीच नाही. मग डाव्या कडेचा एक मंदावला, राखाडी झाला, आणि बघता बघता काळा. "मॅडम, गेला! हा पण गेला!" तिचा डोळा आयपीसवरून हलेना. सगळे एकदम नाही, ज्याला त्याला आपापल्या वेळेने जाग येत होती. एकाच ट्यूबमधले, एकाच दिवशी बनवलेले असूनही. कोणाकडे रिसेप्टर जास्त, कोणाकडे कमी.

साडेपाचला लॅब बंद करायची वेळ झाली, तेव्हा त्या फील्डमध्ये तीन अजून पांढरेच होते. तिने वहीत त्यांच्या जागा काढून ठेवल्या आणि विचारलं, "उद्या यांना अ‍ॅलॅनिन वाढवून देऊ?"

"देऊ," मी म्हटलं.