ओव्हरटाइमचा हप्ता

आज ताई आणि भाऊजींना घेऊन वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातल्या डॉक्टरांकडे गेले होते. भाऊजी मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे ऑपरेटर. चाळिशी आत्ता कुठे उलटलीय, तंबाखूला शिवत नाहीत, तरी डॉक्टरांनी बीपीचा पट्टा पुन्हा बांधून खात्री करून घेतली. मग विचारलं, "झोप किती?" भाऊजी हसून ताईकडे बघायला लागले. इथेच उत्तर मिळालं!

बारा तासांची ड्यूटी, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे 72 तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2021 चा अभ्यास सांगतो की आठवड्याला 55 किंवा जास्त तास राबणाऱ्यांना, 35-40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा 17 टक्के. हे मी गाडीत वाचून दाखवलं. भाऊजी म्हणाले, "आणि फ्लॅटचा हप्ता?"

तिथे मी गप्प. 1948 च्या कारखाना कायद्यात (2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) आठवड्याचे 48 तास आणि वरच्या तासांना दुप्पट दर लिहिला होता. पण घर त्या दुप्पट पैशांवरच चालायला लागलं, की माणूस स्वतःहूनच जादा तास थांबतो. मोठे साहेब आठवड्याला 70 तास, 90 तास काम करा म्हणतात, त्यांना मशीनसमोर उभं राहायचं नसतं (एसीत बसून मीही म्हणेन).

बाकी तासांपेक्षा भाऊजींना जास्त लागलं ते सेव-उसळ कमी करा म्हटलेलं.

जीआयडीसीतल्या कोणी तरी सांगा, ओव्हरटाइमला नाही म्हटलं तर पुढच्या वेळी खरंच नाव वगळतात का?