इन्फ्लिक्सिमॅबचा क्लेम आणि केसपेपरवरचे ‘८/१२’

मला क्रोन्स डिसीज आहे. आतड्याला आतून सूज येते, व्रण पडतात, आणि हे आयुष्यभर सांभाळायचं दुखणं आहे. राहायला सातारा, उपचार पुण्यात. त्यावरचं इन्फ्लिक्सिमॅब हे इंजेक्शन मेडिक्लेममधून मंजूर करून घ्यायला मला ऑगस्ट २०२४ ते मे २०२५ असे नऊ-दहा महिने लागले. या काळात कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं फार वाटलं, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

पॉलिसी जून २०१८ ची, पाच लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम. एकदाही खंड पडू दिला नव्हता. पोटाचा त्रास सुरू झाला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. जेवलं की बेंबीच्या उजव्या बाजूला कळ यायची, दिवसातून सात-आठ वेळा जावं लागायचं, वजन साठवरून पन्नासच्या घरात आलं. जुलै २०२२ मध्ये पुण्याला दाखवलं. कोलोनोस्कोपीत लहान आतड्याच्या शेवटाला व्रण दिसले. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की बायोप्सीनंतरही अनेकदा खात्री होत नाही. म्हणून आधी टीबीची औषधं देऊन बघतात. मीही सहा महिने ही औषधं, म्हणजे एकेटी, घेतली. लघवी लाल व्हायची, अन्नावरची वासना गेली, आणि परत दुर्बीण घातली तर व्रण जिथल्या तिथे. मग निदान क्रोन्स असं ठरलं. स्टेरॉइडनं आठवडाभरात बरं वाटायचं, पण डोस उतरवत आणला की दुखणं परत. अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीनं पांढऱ्या पेशी उतरल्या, तीही बंद करावी लागली. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता बायोलॉजिकल, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध, सुरू करू.

त्यांनी दोन पर्याय सांगितले. अडॅलिमुमॅब हे दर पंधरवड्याला घरीच कातडीखाली टोचून घ्यायचं. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून, हॉस्पिटलमध्ये, दोन तास सलाईनसारखं. पहिले तीन डोस शून्य, दोन आणि सहाव्या आठवड्याला, मग दर आठ आठवड्यांनी. सातारा-पुणे फेऱ्या टळतील म्हणून मला पहिलं हवं होतं. पण माझ्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च नाही, आणि घरी टोचलेलं इंजेक्शन म्हणजे ओपीडीच. आजाराच्या दृष्टीनं डॉक्टरांना दोन्ही चालणार होती. निवड पॉलिसीनं केली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

इन्फ्लिक्सिमॅबचा डोस किलोमागे पाच मिलिग्रॅम. माझं वजन बावन्न, म्हणजे दोनशे साठ मिलिग्रॅम. व्हायल शंभरची येते, म्हणजे तीन फोडाव्या लागतात. बेडचा चार्ज वगैरे धरून एका वेळचं बिल ब्याऐंशी हजारांच्या आसपास. त्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीसाठी इग्रा ही रक्ततपासणी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही. या तपासण्यांची बिलं आणि रिपोर्ट जपून ठेवा. डिस्चार्जनंतरच्या क्लेममध्ये, अॅडमिशनआधीच्या खर्चात ती धरली जातात.

पहिल्या डोसच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणारी संस्था) प्री-ऑथ, म्हणजे खर्चाच्या आगाऊ मंजुरीचं पत्र, गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाताला व्हेनफ्लॉन (सलाईनची सुई) लावून बेडवर, आणि यांच्या मोबाइलवर मेसेज: चोवीस तासांपेक्षा कमी वास्तव्य, उपचार ओपीडीत शक्य, सबब कॅशलेस नामंजूर. हे काउंटरवरून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. डोस पुढे ढकलू का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. त्या दिवशीचे पैसे एफडी मोडून भरले. पुढच्या दोन डोसांसाठी माझ्या बांगड्या पतसंस्थेत सोनेतारणाला गेल्या.

टीपीए डेस्कवरच्या ताईंनी त्याच दिवशी एक गोष्ट समजावली, तिचे उपकार मी विसरणार नाही. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नसतं. पैसे भरायचे, सगळी कागदपत्रं मूळ घ्यायची आणि रिइम्बर्समेंटला टाकायचं.

आता मुद्दा चोवीस तासांचा. पॉलिसीत ‘डे केअर’ची व्याख्या असते: भूल देऊन केलेले उपचार, जे नव्या तंत्रामुळे चोवीस तासांच्या आत होतात, आणि जे एरवी ओपीडीत होत नाहीत. इन्फ्लिक्सिमॅबला भूल लागत नाही, म्हणून कंपनी या व्याख्येवर बोट ठेवते. पण विमा नियामक आयआरडीएआयनं सप्टेंबर २०१९ मध्ये एक्सक्लूजनबाबत, म्हणजे पॉलिसीतून काय वगळता येतं याबाबत, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात बारा आधुनिक उपचारांची यादी आहे. हे उपचार पॉलिसीतून वगळता येत नाहीत. त्या यादीत ‘इम्युनोथेरपी – मोनोक्लोनल अँटिबॉडी, इंजेक्शनद्वारे’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. इन्फ्लिक्सिमॅब ही मोनोक्लोनल अँटिबॉडीच, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंड, आहे. नावाच्या शेवटचं ‘मॅब’ तेच सांगतं. माझ्या पॉलिसीच्या पुस्तिकेत ही यादी ‘मॉडर्न ट्रीटमेंट’ या मथळ्याखाली सापडली. तिथे वाक्य होतं, की हे उपचार अॅडमिट होऊन किंवा डे केअरमध्ये घेतले तरी विमा रकमेच्या पन्नास टक्क्यांपर्यंत मिळतील. म्हणजे वर्षाला अडीच लाख, तीन डोसांपुरते. पहिल्या वर्षात लागतात आठ. मर्यादा घालायला परवानगी आहे, त्यामुळे त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. पण अडीच लाख माझे होते, आणि ते मला हवे होते.

तिन्ही क्लेम यादीच्या आणि त्या पानाच्या झेरॉक्ससह गेले. यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे प्रत्येक कागदाचे दोन संच आणि एक स्कॅन व्हायचा. मूळ कागद पाठवण्याआधी स्कॅन ठेवला नसता तर पुढचं काहीच करता आलं नसतं.

ऑक्टोबरमध्ये क्वेरी आली: आजाराचं पहिलं कन्सल्टेशन पेपर पाठवा. जुलै २०२२ चा केसपेपर पाठवला. नोव्हेंबरमध्ये तिन्ही क्लेम नामंजूर. चोवीस तासांचं कारण आता दुसऱ्या क्रमांकावर गेलं होतं. पहिलं कारण वाचून मी खुर्चीत बसलेच. रुग्णाला हा त्रास आठ ते बारा वर्षांपासून असून पॉलिसी घेताना तो लपवला, असं त्यात म्हटलं होतं.

मी केसपेपर काढला. डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात पोटदुखी आणि जुलाब यांच्यापुढे गुणिलेची खूण आणि ‘८/१२’. डॉक्टर मंडळी कालावधी असाच लिहितात. खाली सात म्हणजे दिवस, बावन्न म्हणजे आठवडे, बारा म्हणजे महिने. ८/१२ म्हणजे आठ महिने. नोव्हेंबर ते जुलै, बरोबर आठ. कंपनीत कुणीतरी ते आठ ते बारा वर्षं असं वाचलं होतं. ज्या बाईनं सहा वर्षं वेळेवर हप्ते भरले, तिला एका तिरक्या रेघेवरून खोटारडी ठरवलं. पैशांपेक्षा त्या ‘लपवला’ शब्दानं मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पुणे. डॉक्टरांनी ओपीडी संपल्यावर अर्धा तास बसून लेटरहेडवर पत्र लिहिलं. त्यात पहिलं वाक्य ‘८/१२’चा अर्थ सांगणारं. मग निदान आणि त्याचा आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) के-५०. एकेटी, स्टेरॉइड, अझाथायोप्रिन प्रत्येक कधी ते कधी आणि का थांबवलं. फीकल कॅल्प्रोटेक्टिनचे, म्हणजे आतड्याची सूज दाखवणाऱ्या शौचाच्या तपासणीचे, आकडे. वजन, डोस, व्हायलची संख्या. आणि हे औषध देताना अॅलर्जीची रिअॅक्शन येऊ शकते, रक्तदाब उतरू शकतो, म्हणून हॉस्पिटलमध्येच, देखरेखीखाली द्यावं लागतं, हे. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. असं पत्र पहिल्या प्री-ऑथसोबतच जायला हवं. ‘इंजे. इन्फ्लिक्सिमॅबसाठी अॅडमिट’ एवढ्या एका ओळीवर कुणी मंजुरी देत नाही.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. त्यात आणखी एक मुद्दा घातला. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार पॉलिसी सलग साठ महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. माझे साठ महिने जून २०२३ मध्येच झाले होते. डिसेंबरमध्ये उत्तर आलं: निर्णय कायम. पत्रात माझ्या एकाही मुद्द्याचा उल्लेख नव्हता.

मग विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निकाल देणारे अधिकारी. सातारा जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो, ते नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही. अट एवढीच, की आधी कंपनीकडे तक्रार केलेली हवी, आणि तिनं ती फेटाळलेली हवी किंवा महिनाभर उत्तर दिलेलं नसावं. आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत यायचं. हाच विषय कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू नाही, असं लिहून द्यावं लागतं. जानेवारीत तक्रार दिली. दरम्यान डोस चालूच होते. दोन वेळा औषध कंपनीच्या मदत योजनेतून एक व्हायल मोफत मिळाली, ती डॉक्टरांनी अर्ज करायला लावला म्हणून. बाकीचं माझ्या दादानं भरलं.

सुनावणी एप्रिलमध्ये, व्हिडिओवर. जेवणाच्या टेबलावर कागद १ ते ४३ क्रमांक घालून मांडले होते. कंपनीचे प्रतिनिधी डे केअरच्या व्याख्येपासून सुरू झाले. मी पुस्तिकेचं पान वाचून दाखवलं. मग केसपेपर स्क्रीनवर आला, आणि लोकपालांनी प्रतिनिधींना विचारलं, हे आठ ते बारा वर्षं तुम्ही कुठून वाचलंत? तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ‘रेकॉर्ड तपासून सांगतो’ असं उत्तर आलं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली असतील. निकाल माझ्या बाजूनं लागला. निकालाचं पालन कंपनीला तीस दिवसांत करावं लागतं. मे महिन्यात पैसे खात्यात आले. हातमोजे आणि तत्सम वस्तू नॉन-मेडिकल म्हणून वजा झाल्या, बाकी सगळे. त्याच आठवड्यात पतसंस्थेतून बांगड्या सोडवल्या.

जून २०२५ मध्ये पॉलिसीचं नवं वर्ष सुरू झालं आणि पुढच्या डोसला कॅशलेस मिळालं. या वेळी प्री-ऑथसोबत डॉक्टरांचं पत्र, यादी आणि लोकपालांचा निकाल, तिन्ही जोडलं होतं. वॉर्डात एक नवे रेसिडेंट डॉक्टर हिस्टरी घेत होते. त्रास कधीपासून, असं विचारून त्यांनी कागदावर गुणिलेची खूण काढली आणि पुढे आकडा लिहू लागले. मी म्हटलं, डॉक्टर, कृपा करून महिना आणि साल अक्षरात लिहा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, का ते विचारलं, मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी ती खूण खोडली, शेजारी सही केली आणि ‘नोव्हेंबर २०२१ पासून’ असं लिहिलं. तोवर सिस्टरनी व्हायल हातात घेतली होती. हे औषध हलवायचं नसतं, फेस येतो. ती तळहातांत अलगद फिरवत त्या ते विरघळायची वाट बघत उभ्या होत्या.