गोचिडीच्या लाळेत औषध?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘रोग पसरवणाऱ्या गोचिडीच्या लाळेत औषध कसलं शोधता?’ हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर किळस असते.

डास रक्त पिऊन दोन-तीन मिनिटांत उडून जातो. कठीण पाठीची गोचीड मात्र एकाच जागी आठवडाभरही चिकटून राहते. एरवी साधं कुसळ रुतलं तरी त्वचा सुजते, खाजते, ठणकते. गोचिडीला यातलं काहीच परवडत नाही. रक्त गोठलं किंवा खाज सुटली की ती उपाशी मेली. म्हणून ती पीत असतानाच लाळ सोडत राहते. त्या लाळेत शेकडो प्रथिनं असतात.

रक्त पातळ ठेवणारी प्रथिनं आधी सापडली. ऑर्निथोडोरोस मौबाटा या मऊ गोचिडीतलं ‘टॅप’ १९९० साली जगापुढे आलं. अवघ्या ६० अमिनो आम्लांचं हे प्रथिन रक्त गोठवणाऱ्या साखळीतला ‘फॅक्टर टेन-ए’ हा एकच दुवा अडवतं. ते स्वतः औषध झालं नाही, पण हा दुवा अडवला तर गुठळी टळते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवायला उपयोगी पडलं.

माझा जीव मात्र लाळेतल्याच इव्हॅसिन नावाच्या प्रथिनांमध्ये गुंतलाय. जखम झाली की केमोकाइन नावाचे रेणू पांढऱ्या पेशींना हाका मारतात. माणसात असे चाळीसहून अधिक रेणू आहेत. संधिवातासारख्या आजारांत या हाका थांबतच नाहीत. औषध शोधणाऱ्यांनी बरीच वर्षं एकेक हाक दाबून पाहिली. दाहावर फारसं यश आलं नाही, कारण एक दाबली की दुसरी सुरूच. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीत सापडलेलं इव्हॅसिन-४ एकटंच डझनाहून अधिक केमोकाइनांना पकडून ठेवतं. आम्हाला न सुटलेलं कोडं तिनं असं सोडवलंय, आणि याचं मला आजही तितकंच नवल वाटतं. अडचणीही आहेत. परकं प्रथिन वारंवार टोचलं तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं.

आणि हो, गोचीड चावून घेतल्यानं कोणताही आजार बरा होत नाही. गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या लाइम रोगाचा जीवाणू तर लाळेतलं ‘सॅल्प१५’ हे प्रथिन अंगावर पांघरूनच शरीरात शिरतो. म्हणून काही जण उलट्या दिशेनं निघालेत. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी लाळेतल्या १९ प्रथिनांविरुद्ध एमआरएनए लस बनवून २०२१ मध्ये गिनीपिगवरचे निष्कर्ष मांडले. लस दिलेल्यांची त्वचा चाव्याच्या जागी लवकर लाल झाली, आणि गोचिडी पोट भरण्याआधीच गळून पडल्या.