२५ हजारात ताऱ्यांचे फोटो काढायचेत? टेलिस्कोप सध्या विसरा

मावसबहिणीला नोकरी लागली, हातात जरा पैसे आले आणि तिने मला टेलिस्कोपची लिंक पाठवली. ७६/७००, खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात ५२५एक्स (म्हणजे ५२५ पट मोठं दिसणार), मोबाईल अडकवायची क्लिप फुकट, आणि खाली एका नेब्युलाचा (तेजोमेघाचा) फोटो जो त्या टेलिस्कोपने सात जन्मात निघणार नाही. "दादा, फोटोग्राफीसाठी हाच घेऊ ना? बजेट २५ आहे, त्याच्या वर एक रुपया नाही." मी व्हॉइस नोटवर बोलायला लागलो आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं सरळ लिहूनच काढू, नाहीतरी हा प्रश्न अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच.

आधी ते ५२५ येतं कुठून ते बघा. नळीची फोकल लेंग्थ ७०० मिमी, सोबत ४ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग), ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याला तीनपटीचा बार्लो (मॅग्निफिकेशन वाढवणारं जादा भिंग) लावला की झाले ५२५. गणित बरोबर आहे, दिसत मात्र काही नाही. आरशाचा व्यास मिमीत जेवढा असेल त्याच्या साधारण दुप्पट मॅग्निफिकेशन ही वरची हद्द, म्हणजे ७६ ला दीडशे, त्यापुढे नुसता धुरकट गोळा मोठा मोठा होत जातो. चंद्रावरची विवरं, गुरूचे चंद्र, शनीची कडी डोळ्याने बघायला तो ठीक आहे, मी नाही म्हणत नाही, मोबाईल लावून चंद्राचा फोटोही बरा येतो. पण तेजोमेघ, दीर्घिका वगैरे फोटोत पाहिजे असतील तर गोष्टच वेगळी, कारण पृथ्वी फिरते, आकाश तासाला १५ अंश सरकतं, आणि ७०० मिमीला साधा डीएसएलआर लावून अर्धा सेकंद जरी शटर उघडं ठेवलं तरी ताऱ्याची रेघ होते. त्यात ती खोक्यातली तिपाई, जी फोकसच्या चाकाला बोट लावलं तरी थरथरते.

म्हणून माझं मत असं की कमी पैशात मॅग्निफिकेशनच्या मागे लागूच नये. जुना कॅमेरा, एक चांगली लेन्स, दणकट ट्रायपॉड, आणि आकाशाबरोबर फिरणारी घरी बनवलेली एक फळी. बस.

कॅमेरा सगळ्यात शेवटी विचारात घ्या, कारण तिथेच लोक सगळे पैसे घालवून बसतात. कॅननचा ६००डी किंवा ७००डी, निकॉनचा डी३३०० किंवा डी५३००, यातला कुठलाही सेकंडहँड चालेल. रॉ फाईल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो), लाईव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) झूम करून फोकस, आणि बल्ब मोड (हवा तेवढा वेळ शटर उघडं ठेवायची सोय), एवढं असलं की पुरे. मी शेवटचं बघितलं तेव्हा किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबतच येते ती) १२ ते १६ हजारात मिळत होते, मुंबईत फोर्टला बोरा बाजारच्या बाजूला किंवा ऑनलाईन. घेताना लेन्सला झाकण लावून आयएसओ १६०० ला ३० सेकंदाचा एक काळा फोटो तिथेच काढा आणि झूम करून बघा. लाल-निळे ठिपके थोडेफार असतातच, पण पट्टे दिसले किंवा एक कोपरा उजळलेला दिसला तर नमस्कार करून निघा.

आणि लेन्स. इथे मात्र घाई नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते आणि ती वरवर बघून दिसत नाही. मी काय करतो, लेन्स कॅमेऱ्यातून काढायची, दोन्ही झाकणं काढायची, मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारायचा आणि पुढून बघत लेन्स हळूहळू फिरवायची. धूळ असेल तर सुटे कण चमकतात, तेवढ्याने काही बिघडत नाही. बुरशी असेल तर कडेकडून आत येणारे बारीक धागे दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि टॉर्च सरळ केला की गायब. विकणारा म्हणेल "साहेब, धूळ आहे, पुसलं की जाईल." जात नाही. घरी आणलेली लेन्स सुद्धा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, महागडा ड्राय कॅबिनेट नंतर बघू.

लेन्स कुठली, तर ५० मिमी एफ/१.८ (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं), कॅननची किंवा निकॉनची, सेकंडहँड सहाएक हजारात. (निकॉनच्या स्वस्त बॉडीत फोकसची मोटर नसते म्हणून लोक कुठली ५० घ्यायची यावर डोकं खातात, आपल्याला फोकस हातानेच करायचाय, तेव्हा जुनी डी सीरिजची पण चालते.) किट लेन्स ५५ ला एफ/५.६, म्हणजे प्रकाश आत येणारं भोक जेमतेम १० मिमीचं. ५० ची लेन्स पूर्ण उघडली की तेच २८ मिमीच्या आसपास, म्हणजे आठपट प्रकाश! पूर्ण उघडी वापरू मात्र नका, कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, एफ/२.८ पर्यंत बंद केली की तारे गोल होतात आणि तरीही किट लेन्सच्या तिप्पट प्रकाश हातात राहतो. ५० मिमीमध्ये या कॅमेऱ्यांतल्या एपीएस-सी सेन्सरवर साधारण २५ बाय १७ अंशाचं आकाश मावतं, म्हणजे मृग नक्षत्र जवळजवळ अख्खं, किंवा कृत्तिका आणि रोहिणी एकाच फ्रेममध्ये.

ट्रायपॉडला अडीच-तीन हजार ठेवा आणि हलका घेऊ नका. ट्रेकचे लोक हलका हलका करतात, इथे जड पाहिजे.

आता फळी. याला बार्न डोअर ट्रॅकर म्हणतात आणि माझ्या मते हाच या सगळ्या खरेदीतला राजा आहे, सामान हजाराच्या आत येतं. प्लायचे दोन तुकडे, एका कडेला बिजागरीने जोडलेले, खालची फळी ट्रायपॉडवर, वरच्या फळीवर बॉलहेड (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवायचा गोळ्याचा सांधा) आणि कॅमेरा. खालच्या फळीत नट बसवायचा आणि त्यातून एम६ चा आट्यांचा रॉड वर येऊन वरची फळी उचलणार. एम६ चे साधे आटे १ मिमीचे असतात, एक फेरा म्हणजे १ मिमी वर. बिजागरीच्या पिनेपासून रॉडचं अंतर बरोबर २२८.५ मिमी ठेवलं तर मिनिटाला एक फेरा या वेगाने फळी पृथ्वीच्या वेगानेच उघडते. हार्डवेअरवाल्याने पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा रॉड दिला तर हेच अंतर २९ सेंटीमीटर धरा. पुण्यात बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. बिजागरी मात्र लांब पट्टीची, पियानो बिजागरी म्हणतात ती घ्या, दाराची साधी घेतली तर ती आडवी हलते आणि सगळी मेहनत पाण्यात. रॉडच्या खालच्या टोकाला डब्याचं झाकण बसवा, त्यावर चार खुणा करा, दर १५ सेकंदाला एक खूण पुढे. मोबाईलवर मेट्रोनोम लावला की हात आपोआप चालतो.

ध्रुवाकडे तोंड करून उभं राहिलं की बिजागरी डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला पाहिजे आणि तिचा आस ध्रुवावर रोखलेला. ध्रुव क्षितिजापासून तुमच्या अक्षांशाएवढाच वर असतो, पुण्यात साडेअठरा अंश. आता गंमत बघा, ३० सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच अशी लाकडी पाचर सुताराकडून कापून घेतली तर तिचा उतार जवळपास तेवढाच येतो, तेव्हा कोनमापक वगैरे काही लागत नाही. कोल्हापूरकरांनी १० ऐवजी ९ सेंटीमीटर करा, नागपूरकरांनी साडेअकरा. पाचरीवर फळी ठेवायची, बिजागरीला कोल्ड्रिंकची स्ट्रॉ चिकटवायची आणि त्यातून ध्रुव शोधायचा. आपल्याकडे तो इतका खाली असतो की उत्तरेला डोंगर असला की संपलं, म्हणून जागा बघताना आधी उत्तर बघा, मग चहाची टपरी.

याने काय फरक पडतो? फळी नसताना ५० मिमीला पाचशेच्या नियमाने, म्हणजे ५०० भागिले (फोकल लेंग्थ गुणिले क्रॉप, लहान सेन्सरचा साधारण दीडपटीचा गुणक), सहा सेकंद मिळतात आणि ते पण फसवे आहेत, फोटो झूम केला की तारे लांबट, मी तीनच्या वर जात नाही. फळीवर तोच एक मिनिट निघतो. पंधराएक मिनिटं झाली की रॉड उलटा फिरवून फळी बंद करायची, फ्रेम पुन्हा जुळवायची आणि परत सुरू. फळी वर्तुळात फिरते आणि रॉड सरळ, त्यातून येणारी चूक सुरुवातीला नगण्य असते, फळी जास्त उघडली की वाढत जाते.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून मृगातला तेजोमेघ घ्या, त्रिकांडाच्या जवळच, गावाकडे नुसत्या डोळ्यालाही पुसट दिसतो. फोकस शेजारच्या व्याधावर लाईव्ह व्ह्यूमध्ये दहापट झूम करून. मग देवयानी दीर्घिका, ती आकाशात तीन अंश पसरलेली आहे, म्हणजे ५० मिमीला सुद्धा अंगठ्याएवढी तरी येते. लाल रंगाचे मेघ फिके येतील कारण साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो. फिल्टर काढून देणारे भेटतील, पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका. आणि आकाशगंगेचं केंद्र जूननंतर काढू असा प्लॅन असेल तर आपल्याकडे ढगच ढग, त्यासाठी फेब्रुवारी ते मे पहाटे उठावं लागतं.

अंधारासाठी विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पापर्यंत जायची गरज नाही. तो २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क जाहीर झाला, जमलं तर जाच, पण पुण्याहून एसटीने वेल्ह्याच्या बाजूला गेलं तरी शहरापेक्षा आकाश कितीतरी काळं मिळतं. एकट्याने जाण्यापेक्षा पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईत खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनाला जा, तिथे कोणाची तरी फळी, कोणाचा ट्रॅकर हाताळायला मिळतो आणि खरेदीचा मोह बराचसा तिथेच उतरतो.

हिवाळ्यात लेन्सवर दव बसतं, लेन्सभोवती कागदाची लांब नळी गुंडाळली तरी ते बराच वेळ रोखता येतं. दुसरी बॅटरी घ्याच, थंडीत पहिली पटकन झोपते. शटरचा रिमोट पाच-सातशेचा. तिथून निघायच्या आधी झाकण लावून त्याच आयएसओ आणि त्याच वेळेचे वीसेक काळे फोटो काढा, कॅमेरा गार असतानाच, घरी येऊन काढले तर उपयोग नाही.

बाकी सगळे फोटो एकावर एक रचून (याला स्टॅकिंग म्हणतात) आणि काळे फोटो त्यातून वजा करून एक फोटो बनवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल. फ्रेम चौपट केल्या की नॉईज (फोटोतला दाणेदारपणा) निम्मा होतो, म्हणून एका भारी फोटोपेक्षा साठ साधे परवडतात. फक्त लॅपटॉपची डिस्क बघा. एक रॉ फाईल साधारण २५ एमबीची, आणि स्टॅकिंग चालू असताना तात्पुरत्या फाईल त्याच्या कितीतरी पट जागा खातात, तेव्हा घरच्या लग्नाचे व्हिडिओ आधी दुसरीकडे हलवून ठेवा.