चाळीस माणसांचे मॅश्ड पोटॅटो आणि घरचे पुरणयंत्र

चार माणसांसाठी लिहिलेली कृती दहापट केली की चाळीस माणसांचे मॅश्ड पोटॅटो तयार होतील, असे कोणालाही वाटेल. लोणी, दूध आणि मीठ यांचा हिशेब खरोखरच तसा जुळतो. मात्र मोठ्या पातेल्यातील पाण्याला उकळी यायला लागणारा वेळ, एवढे बटाटे कुस्करण्याचे कष्ट आणि पंगत बसेपर्यंत ते गरम ठेवण्याची काळजी या गोष्टी गुणाकारात बसत नाहीत. न्यू जर्सीतील आमच्या घरी थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, मराठी मंडळी, त्यांचे अमेरिकन व्याही, शेजारी आणि सुट्टीत घरी न जाऊ शकलेले विद्यार्थी असे चाळीसेक जण जेवायला असतात. टर्की भाजून आणणारे, क्रॅनबेरीचा सॉस करणारे आणि भोपळ्याचा ‘पाय’ हा गोड पदार्थ करणारे वेगवेगळे असतात. बटाटे मात्र माझ्याकडे असतात, आणि ते काम मला मनापासून आवडते.

सणाच्या ताटात बाकी पदार्थ पुष्कळ असले, तरी बटाट्यांचे दुसरे वाढप हमखास मागितले जाते, म्हणून मी माणशी सव्वादोनशे ग्रॅम कच्चे बटाटे धरते. चाळीस जणांना साधारण ९ किलो होतात, म्हणजे येथे मिळणाऱ्या दहा पौंडांच्या दोन पिशव्या. त्यांना १ किलो १०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी लागते. ११३ ग्रॅमच्या दहा कांड्या घेतल्या की ते भरते. दूध किंवा दूध आणि क्रीम अर्धे-अर्धे मिळून सव्वादोन लिटर लागते, आणि आणखी अर्धा लिटर हाताशी राखून ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

पहिल्या थँक्सगिव्हिंगपासून हा पदार्थ ताटात आहे, असे येथील मुलांना वाटते. १६२१ मध्ये प्लिमथला जी सुगीची मेजवानी झाली, तिच्यात बटाटा असण्याचा संभव नाही, कारण दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून युरोपात गेलेले हे पीक इंग्रजांच्या या वसाहतीत तेव्हा पोहोचलेच नव्हते.

बटाट्याची निवड मात्र घाईत करू नये. येथे रसेट नावाचा लांबट, जाड व खरखरीत सालीचा बटाटा सर्वत्र मिळतो. त्यात पिठूळपणा अधिक असल्याने तो शिजल्यावर मोकळा फुलतो आणि दूध-लोणी भरपूर शोषून घेतो. युकॉन गोल्ड हे पिवळसर गराचे वाण कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात गॅरी जॉन्स्टन यांनी विकसित केले आणि ते १९८० मध्ये बाजारात आले. त्याला मुळातच लोण्यासारखी चव आणि अधिक मऊपणा आहे. मी दोन भाग रसेट आणि एक भाग युकॉन गोल्ड घेते. लाल सालीचा चिकट बटाटा भाजीला उत्तम असला, तरी या कामाला तो घेऊ नये, कारण त्याच्या फोडी शिजूनही घट्ट राहतात आणि त्या मोडण्याच्या नादात सगळाच गोळा चिकट होतो.

खरी परीक्षा शिजवण्यात आहे. बटाटे थंड पाण्यात घालून मग आच द्यावी, हा नियम योग्य आहे. उकळत्या पाण्यात टाकल्यास फोडीची कड विरघळते आणि मध्य कच्चा राहतो. परंतु ९ किलो बटाटे एकाच मोठ्या पातेल्यात घातले, तर घरच्या शेगडीवर त्या पाण्याला उकळी यायला फार वेळ लागतो आणि तेवढा वेळ बटाटे कोमट-गरम पाण्यात पडून राहतात. साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान बटाट्यातील एक विकर (एन्झाइम) पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनवर काम करते, ते पेक्टिन कॅल्शियमशी बांधले जाते, आणि त्यानंतर कितीही उकळले तरी फोडी लवकर मऊ होत नाहीत. याच गुणधर्माचा उपयोग करून १९५० च्या दशकात फिलाडेल्फियाजवळच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत झटपट मॅश्ड पोटॅटोच्या पापुद्र्यांची पद्धत विकसित झाली: बटाटे आधी बेताच्या उष्णतेत ठेवायचे, थंड करायचे, मग शिजवायचे, म्हणजे कुस्करताना पेशी फुटत नाहीत. कारखान्यात ते वरदान ठरले. घरी मात्र ती प्रक्रिया नकळत अर्धवट घडली, तर कणीदार फोडी हाती येतात. म्हणून मी तीन पातेली तीन शेगड्यांवर ठेवते, प्रत्येकात ३ किलो बटाटे आणि ते जेमतेम बुडतील एवढेच पाणी घालते, झाकण लावते, आणि दर लिटरला दहा ग्रॅम या हिशेबाने मीठ आधीच टाकते. कुकर जवळ असतो, पण या पदार्थासाठी मी तो वापरत नाही. बटाटा कितपत शिजला आहे हे मधे उघडून पाहता येत नाही, आणि फुटलेल्या बटाट्यात पाणी शिरते.

सुरीचे टोक फोडीत घातल्यावर फोड सुरीला धरून वर येता कामा नये, ती आपोआप खाली सुटली पाहिजे. मग पाणी पूर्ण निथळावे आणि फोडी त्याच कोरड्या, गरम पातेल्यात मंद आचेवर दोन-तीन मिनिटे हलवाव्यात. आधी वाफेचा लोट येतो, मग तो विरळ होतो, आणि फोडींच्या कडा पांढऱ्या, भुरभुरीत दिसू लागतात. ही कोरडी कड दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पाण्याने भरलेल्या बटाट्यात लोण्याला जागा उरत नाही.

आता पुरणयंत्र. येथील दुकानांत ज्याला फूड मिल म्हणतात, ते यंत्र आणि होळीला आपण माळ्यावरून काढतो ते पुरणयंत्र यांची रचना एकच आहे: खाली जाळी, वर तिरके पाते आणि फिरवायची मूठ. आईने दिलेले स्टीलचे पुरणयंत्र मी याच कामासाठी नोव्हेंबरमध्येही बाहेर काढते. मोठ्या भोकांची जाळी बसवावी आणि बटाटे गरम असतानाच घालावेत. त्याचा आणखी एक लाभ असा, की ९ किलो बटाटे सोलावे लागत नाहीत. ते घासून धुतले, डोळे आणि हिरवट भाग काढला आणि सालीसकट चार तुकडे करून शिजवले, तरी यंत्रातून गर खाली उतरतो आणि सालीचा चोथा वर राहतो. अर्धा वळसा उलटा फिरवला की जाळीला चिकटलेली सालेही सुटतात. ती दर घाण्याला काढून टाकावीत. खाली परातीत शेवयांसारख्या मऊ, मोकळ्या दोऱ्यांचा ढीग साचत जातो, आणि त्यात एकही गुठळी नसते.

मिक्सर किंवा फूड प्रोसेसर मात्र कितीही घाई असली तरी लावू नये. शिजलेल्या बटाट्यातील स्टार्च फुगून पेशींच्या आतच बंद असतो. पुरणयंत्र पेशींना एकमेकींपासून अलग करते, तर मिक्सरचे वेगवान पाते त्या चिरते; आतला स्टार्च बाहेर येतो आणि सगळ्याची खळ होते. एकदा अशी खळ झाली की लोणी, दूध, काहीही घालून ती सुधारत नाही, आणि ९ किलो बटाट्यांच्या बाबतीत तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

परातीत पडलेल्या गरम बटाट्यात आधी लोणी मिसळावे, म्हणजे स्निग्धांश स्टार्चला वेढून बसतो, आणि मगच वाफाळते दूध थोडे थोडे घालावे. दूध फ्रिजमधले नसावे, कारण एवढ्या परातीतली उष्णता एकदा गेली की ती परत आणणे अवघड असते. रुंद लाकडी उलथन्याने खालून वर असे उलटत जावे, घोटू नये. दुधात मी ठेचलेला लसूण आणि एक तमालपत्र घालून ते गाळून घेते. मीठ शेवटी, चव घेत घालावे. पाण्यातले मीठ धरूनही या प्रमाणाला आणखी सहज सत्तर-ऐंशी ग्रॅम लागते आणि तो आकडा पाहून घाबरू नये.

काही वर्षी थँक्सगिव्हिंगचा गुरुवार आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकच येतो. २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरला तसे झाले. उपवास करणाऱ्या सुनांसाठी आणि मावशींसाठी मी एक लहान पातेले वेगळे लावते. सैंधव, साजूक तूप आणि दूध, लसूण नाही. तुपाने येणारा खमंग सुवास इतका छान असतो, की उपवास नसलेलेही त्या भांड्याकडे वळतात, म्हणून ते थोडे जास्तच करावे.

बटाटे तयार होण्याची वेळ आणि टर्की कापण्याची वेळ कधीच जुळत नाही. अन्न ६० अंशांच्या वर ठेवावे आणि दोन तासांपेक्षा अधिक काळ तसेच बाहेर राहू देऊ नये, हा येथील अन्नसुरक्षेचा नियम मी पाळते. मंद आचेचा विजेचा कुकर त्याच्या ‘वॉर्म’ खुणेवर लावला की काम होते. त्यात सगळे मावत नसल्यास भारतातून आणलेले कॅसरोल उकळत्या पाण्याने आधी तापवून, पुसून त्यात बटाटे दाबून भरावेत, वर लोण्याचा पातळ थर द्यावा आणि झाकण घट्ट लावावे. थांबलेले बटाटे आळत जातात. राखून ठेवलेले अर्धा लिटर दूध वाढण्याआधी गरम करून त्यात मिसळायचे असते ते यासाठीच. शाकाहारी पाहुण्यांसाठी मशरूमची वेगळी ग्रेव्ही करावी आणि तिचा डाव वेगळा ठेवावा, म्हणजे टर्कीच्या ग्रेव्हीचा डाव चुकून तिच्यात जात नाही.

उरलेले बटाटे पसरट भांड्यांत पातळ थरात भरून लगेच फ्रिजमध्ये ठेवावेत. दुसऱ्या दिवशी अनेक जण त्यांचे बटाटेवडे करायला सुचवतात, पण दूध-लोण्यामुळे ते सारण फार सैल असते आणि तेलात आवरण फुटते. त्यापेक्षा त्यात मिरची, आले, कोथिंबीर आणि ब्रेडचा चुरा घालून कटलेट थापावीत, अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यावीत आणि रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात खरपूस भाजावीत.