परसातल्या कोंबड्या आणि इंग्लंडचा कायदा

इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेत चार कोंबड्या पाळायला परवाना लागत नाही, हे सांगितले की भारतातल्या नातेवाइकांचा विश्वास बसत नाही. ज्या देशात घरात टीव्ही पाहायला दरवर्षी पैसे भरून परवाना काढावा लागतो, तिथे कोंबड्यांना एवढी मोकळीक कशी, असा त्यांचा रास्त प्रश्न असतो. आमच्या ओळखीतल्या काही मराठी कुटुंबांनीही अलीकडे याबाबत चौकशी केली, म्हणून जे वाचले आणि अनुभवले ते एकत्र लिहीत आहे. मी वकील नाही. घर भाड्याचे असेल किंवा शेजाऱ्यांशी आधीच वाद असेल, तर जाणकाराचा सल्ला घ्यावा.

परवाना नसला तरी नोंदणी आहे, आणि ती टाळता येत नाही. पूर्वी पन्नास किंवा त्याहून अधिक पक्षी असणाऱ्यांनाच ती सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक कोंबडी असली तरी ‘ॲनिमल अँड प्लांट हेल्थ एजन्सी’ या सरकारी यंत्रणेकडे नोंद करावी लागते. स्कॉटलंडमध्ये हाच नियम एक महिना आधी लागू झाला. नव्याने पक्षी आणणाऱ्याला त्यासाठी एका महिन्याची मुदत असते. नोंदणीला पैसे पडत नाहीत. पक्षी कुठे आहेत, किती आहेत, कोणत्या जातीचे आहेत आणि कशासाठी पाळले आहेत, एवढेच विचारले जाते, आणि ही माहिती दरवर्षी तपासून अद्ययावत करावी लागते. घरातच पिंजऱ्यात राहणाऱ्या पोपटासारख्या पक्ष्यांना यातून सूट आहे. म्हणजे सरकार ‘पाळू का?’ असे विचारायला लावत नाही, पण कोणाच्या परसात काय आहे हे त्याला ठाऊक असायला हवे असते.

हा हट्ट बर्ड फ्लूमुळे आहे, आणि मराठी वाचकाला त्याचे कारण वेगळे समजावून सांगायला नको. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातली या रोगाची पहिली साथ नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली, तेव्हा मोठ्या पोल्ट्री फार्मांबरोबर आसपासच्या गावांतल्या घरोघरच्या कोंबड्याही गोळा करून माराव्या लागल्या. फार्मचा हिशेब वहीत असतो, परसातल्या कोंबडीचा कुठेच नसतो. इंग्लंडमध्ये एखाद्या मोठ्या फार्मवर रोग सापडला की भोवती 3 किलोमीटरचे संरक्षण क्षेत्र आणि 10 किलोमीटरचे देखरेख क्षेत्र आखले जाते. त्या वर्तुळात तुमचे खुराडे येते की नाही, हे नोंदीवरूनच कळते.

साथ वाढली तर पक्षी कोंडून ठेवण्याचा आदेश निघतो आणि तो परसातल्या कोंबड्यांनाही लागू असतो. 7 नोव्हेंबर 2022 रोजी संपूर्ण इंग्लंडला असा आदेश लागू झाला आणि तो 18 एप्रिल 2023 पर्यंत चालला. त्या हिवाळ्यात आमच्या खुराड्यापुढच्या जाळीच्या आवारावर पारदर्शक पत्रे बसवावे लागले, कारण वरून उडणाऱ्या रानबदकांची शीट आत पडू नये हाच आदेशाचा गाभा होता. नुसती जाळी पुरत नाही. वरचे छप्पर भरीव हवे, आणि बाजूच्या जाळीची भोके चिमणी आत शिरू शकणार नाही इतकी बारीक हवीत. दाराशी जंतुनाशकाचे पसरट घमेले ठेवून त्यात बूट बुडवल्याशिवाय आत जायचे नाही, हेही ओघाने आलेच. ज्यांना कोंबड्या घ्यायच्या आहेत त्यांनी पहिल्या दिवशीच छप्पर घालता येईल असे आवार बांधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भर नोव्हेंबरच्या पावसात शिडीवर चढून पत्रे ठोकण्यात काही मौज नाही.

आता घराच्या कागदपत्रांकडे वळू. इथल्या अनेक वसाहतींच्या खरेदीखतात बिल्डरने ‘या जागेत कोंबड्या पाळू नयेत’ अशा अर्थाची अट घातलेली असते, आणि ती वाचून बरेच जण बेत सोडून देतात. परंतु 1950 च्या अलॉटमेंट्स ॲक्टच्या बाराव्या कलमानुसार, भाडेकरारात किंवा खरेदीखतात उलट काहीही लिहिले असले तरी, जागा वापरणाऱ्याला व्यापारासाठी नव्हे तर घरच्यासाठी कोंबड्या आणि ससे पाळता येतात व त्यांच्यासाठी आवश्यक तेवढे खुराडेही उभारता येते. महायुद्धात अंडी रेशनवर होती. कोंबड्या पाळणाऱ्याला आपल्या वाट्याची अंडी सोडून त्याऐवजी कोंबड्यांचे खाद्य घेता येत असे. अंड्यांवरचे रेशन 1953 मध्ये उठले, म्हणजे हा कायदा झाला तेव्हाही अंडी मोजूनच मिळत होती. टंचाईच्या काळात केलेली ही तरतूद आजच्या सुबक वसाहतींतल्या रहिवाशांच्या कामी यावी, याची मला गंमत वाटते. मात्र तिला दोन मर्यादा आहेत: कोंबड्यांमुळे कोणाच्या आरोग्याला बाधा किंवा कोणाला उपद्रव होता कामा नये, आणि कोंबड्याला, म्हणजे नराला, हे संरक्षण नाही.

खुराड्यासाठी बांधकाम परवानगी सहसा लागत नाही. बागेतल्या छोट्या बांधकामांना जी सर्वसाधारण सूट आहे, तिच्यात घरगुती गरजेसाठी कोंबड्या आणि मधमाश्या पाळण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. खुराडे घराच्या दर्शनी बाजूला नसावे आणि कुंपणापासून 2 मीटरच्या आत असेल तर त्याची उंची 2.5 मीटरपेक्षा जास्त नसावी, एवढे पाळले की बहुतेकांचे भागते. घर वारसा यादीत असेल तर नियम वेगळे, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ही सूट नाही.

कौन्सिलशी, म्हणजे इथल्या स्थानिक नगरपालिकेशी, खरा संबंध येतो तो तक्रार झाल्यावर. पहाटे आरवणारा कोंबडा 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली उपद्रव ठरू शकतो, आणि मग तो बंद करण्याची नोटीस मालकाच्या नावे निघते. अंड्यांसाठी कोंबड्याची गरजच नसते, तेव्हा हे भांडण ओढवून घेण्यात अर्थ नाही. उंदरांचे मात्र तसे नाही. सांडलेल्या दाण्यावर ते येतातच, आणि आपल्या जागेत ते झाल्यास त्यांचा बंदोबस्त करायला लावण्याचा अधिकार कौन्सिलला 1949 पासून आहे. दाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावेत आणि रात्री खाद्याचे भांडे उचलून आत घ्यावे. प्लास्टिकचे पिंप उंदीर कुरतडतात.

अंड्यांबाबत कायदा सौम्य आहे. जास्तीची अंडी शेजाऱ्याला दारातून थेट विकायला प्रतवारीचा शिक्का लागत नाही. दुकानाला विकायची म्हटली की वेगळे नियम सुरू होतात.

आपल्या लोकांना सर्वांत जड जाणारा नियम स्वयंपाकघराचा आहे. उरलेला भात, भाकरीचा तुकडा, भाजीची देठे कोंबड्यांपुढे टाकणे ही आपल्याकडची साधी रीत. इथे तो गुन्हा आहे, मग कोंबड्या केवळ हौसेखातर पाळलेल्या का असेनात. 2001 मध्ये लाळ्या-खुरकुताची जी साथ आली, तिचे मूळ नॉर्थंबरलंडमधल्या एका वराहपालन केंद्रात न शिजवता दिलेल्या खरकट्यापर्यंत पोचले होते आणि त्यापायी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. तेव्हापासून घरच्या स्वयंपाकघरातून गेलेले काहीही, अगदी कोबीचे वरचे पानसुद्धा, कोंबडीला चालत नाही. शाकाहारी घरालाही यातून सूट नाही; दूध-अंडीही वर्ज्य असलेल्या पूर्ण व्हीगन स्वयंपाकघराचाच काय तो अपवाद. बागेतून थेट खुराड्यात गेलेले पान चालते. म्हणून आम्ही मेथी बागेतच निवडतो. काड्या कोंबड्यांना आणि पाने घरात, असा क्रम ठरला आहे. भारतातून आलेल्या आईला हे पटवायला वेळ लागला. ‘तिला भात घातला तर पोलीस येतील का?’ हा तिचा प्रश्न अजून अधूनमधून येतो.

मेलेली कोंबडीही बागेत पुरता येत नाही, कारण कायद्याच्या लेखी ती कुत्र्या-मांजरासारखी पाळीव नसून पशुधनात मोडते. तिची विल्हेवाट मान्यताप्राप्त व्यवस्थेमार्फतच लावावी लागते. बरेच पशुवैद्य फक्त कुत्री-मांजरे पाहतात, म्हणून जवळपास कोंबड्या तपासणारा आणि हे काम करून देणारा दवाखाना कोणता, हे पक्षी घरी आणण्याआधीच फोन करून विचारून ठेवावे.