झाड माती खात नाही, बरं का

लेक चौथीत आहे. मागच्या आठवड्यात सायन्सचा अभ्यास चालला होता, आणि "झाडे मुळांवाटे जमिनीतून अन्न घेतात" हे वाक्य तिने छान ताल धरून चारदा म्हटलं, मी कपड्यांच्या घड्या घालता घालता हो हो केलं आणि पाचेक मिनिटांनी डोक्यात टोचलं, अरे हे तर चूक आहे! मग तिलाच विचारलं, झाड माती खातं तर कुंडीतली माती संपत का नाही गं? ती जरा विचार करून म्हणाली, "तू रात्री भरतेस का?"

म्हटलं चला, करून बघू. दोन ग्लास घेतले, तळाला ओला कापूस, त्यावर घेवड्याचं एकेक बी. माती अजिबात नाही. एक ग्लास खिडकीत, दुसरा कपाटात. आणि मी शहाणी, आधीच जाहीर करून बसले की कपाटातलं वाढणार नाही, कारण त्याला ऊन नाही.

10 दिवसांनी कपाट उघडलं तर खिडकीतलं रोप वीतभर आणि कपाटातलं जवळजवळ दुप्पट! लेक माझ्याकडे अशी बघायला लागली की काय सांगू. पण नीट बघितल्यावर तीच म्हणाली हे आजारी दिसतंय. पांढरट पिवळं, दांडा दोऱ्यासारखा, पानं इवलीशी. खरं तर ते वाढत नव्हतं, उजेड शोधत होतं. जमिनीखाली रुजलेल्या बीला पहिल्यांदा वर पोचायचं असतं, म्हणून जे काय आहे ते सगळं उंचीवर खर्च करायचं, पानं आणि हिरवा रंग नंतर बघू, असा त्याचा हिशोब.

आणि खर्च करायला आलं कुठून, तर बीमधूनच. घेवड्याचं बी सोललं की दोन जाड भाग सुटतात ना, ती बीजपत्रं, म्हणजे आईने बाळासोबत दिलेला डबाच. रोप वाढतं तशी ती सुरकुतत जातात हे डोळ्यांनी दिसतं, मुलांना भिंग देऊन हे जरूर दाखवा. कपाटातल्या रोपाने डबा संपवला आणि नवीन काही कमावलं नाही. ते वाळवून वजन केलं तर मूळ बीपेक्षा हलकं भरतं, उंची कितीका असेना. (आम्ही पण करायला गेलो, पण घरातला वजनकाटा 0 च्या पुढे जाईना, तो नाद सोडला.)

मग माती नाही तर कमाई कशातून? इथे मी तिला हेल्माँटची गोष्ट सांगितली. हा बेल्जियमकडचा माणूस, आयुष्य 1600 च्या आगेमागेचं. त्याने 200 पौंड वाळवलेली माती एका कुंडीत भरली, त्यात विलो नावाच्या झाडाचं 5 पौंडांचं रोप लावलं आणि 5 वर्षं फक्त पाणी घातलं. वरून धूळ पडू नये म्हणून भोकं पाडलेलं झाकण पण ठेवलं, काय पेशन्स असेल बघा. शेवटी झाड भरलं 169 पौंड, म्हणजे साधारण 77 किलो, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली होती फक्त 2 औंस! साठ ग्रॅमसुद्धा नाही.

तो म्हणाला, झालं, झाड पाण्याचं बनतं. अर्धं बरोबर. मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट पुढेच आहे, 'गॅस' हा शब्दच मुळात या माणसाने काढलेला. त्याने 62 पौंड लाकडी कोळसा जाळला, राख उरली 1 पौंड, तेव्हा बाकीचं अदृश्य होऊन उडालं हे त्याला कळलं होतं. म्हणजे झाड जळताना हवेत जातं हे माहीत, पण झाड वाढताना हवेतूनच येतं हे मात्र सुचलं नाही. हाताशी आलेलं उत्तर हुकलं बिचाऱ्याचं. यात उजेड लागतो हे 1779 मध्ये इंगेनहाउझ नावाच्या डच शास्त्रज्ञाने दाखवलं, आणि हवा आणि पाणी दोन्हीचा हिशोब 1804 मध्ये सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने मांडला.

लेकीला हे पटेना. "हवा खाऊन एवढं मोठं लाकूड?" तिचंही चूक नाही, हवेच्या 10,000 भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण 4 भाग, आणि पानं तेवढाच वेचून, पाणी जोडून, उन्हाच्या जोरावर साखर करतात. त्या साखरेपासून पुढे खोड, मुळं, फळं सगळं. मातीतून येतात ते क्षार, लागतात थोडेच पण त्यांच्याशिवाय भागत नाही, जेवणात मीठ असतं तसं. लाकूड जळल्यावर जी मूठभर राख उरते ना, मातीचा वाटा जवळजवळ तेवढाच.

एक अजून, झाडं दिवसा श्वास सोडतात आणि रात्री घेतात असं मोठी माणसं पण सर्रास सांगतात. झाड आपल्यासारखंच रात्रंदिवस श्वास घेतं. स्वयंपाक फक्त दिवसा करतं, एवढंच.

वहीतलं वाक्य तिने खोडून "झाडे हवा, पाणी आणि उजेड वापरून अन्न बनवतात, माती चवीपुरती" असं लिहिलंय. चवीपुरतीचे मार्क कापले जातील बहुतेक, मी बदलायला सांगितलं नाही. कपाटातलं रोप आता खिडकीत आणलंय, दोन दिवसांत पानं हिरवी व्हायला लागली, दांडा मात्र अजून लुळाच आहे, पेन्सिलीला दोऱ्याने बांधून ठेवलाय.